अण्णा पोहायला शिकले तो उन्हाळा

मे महिना लागला की माझ्या मुलीच्या केसांना क्लोरीनचा वास यायला लागतो. नागापूरच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून मी तिला घ्यायला जाते, तेव्हा ती तलावाच्या पायरीवर टॉवेल पांघरून बसलेली असते. डोळे लाल, बोटं सुरकुतलेली, आणि भूक इतकी की घरी पोचेपर्यंत धीर नसतो. तिच्या तलावाला निळ्या फरश्या आहेत. खोली किती ते भिंतीवर लिहिलेलं आहे. गळ्यात शिट्टी अडकवलेले सर काठाकाठानं फिरत असतात. गाडीवर ती माझ्या मागे बसते, ओलं डोकं माझ्या पाठीला टेकवते, आणि नगरच्या तापलेल्या रस्त्यावर माझ्या पाठीवर हाताएवढा एक गार ठिपका उमटतो.

त्या गारव्यानं मी दरवर्षी एकाच उन्हाळ्यात जाऊन पोचते.

"मम्मी, तुला कोणी शिकवलं पोहायला?" ओवीनं यंदा विचारलं.

"माझ्या काकीनं."

"तिच्याकडे शिट्टी होती?"

"नाही गं. तिला आवाज होता."

मिरजगावच्या अलीकडे हायवे सोडला की डाव्या हाताला कच्चा रस्ता लागतो. त्या रस्त्याच्या टोकाला आमची वस्ती. दोन घरं, एक अंगण. एका घरात आई, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि मी. दुसऱ्यात काका, काकी आणि त्यांची सोनी. सोनी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमचा कर्जत तालुका कोरडा. उन्हाळ्यात जमीन अशी भेगाळायची की आम्ही त्या भेगांत काड्या सोडून किती खोल जातात ते बघायचो. पण मी बारा वर्षांची होते त्या वर्षी कालव्याचं आवर्तन आमच्या शिवारापर्यंत आलं होतं, आणि भर एप्रिलात विहिरीत दोन पुरुष खोल पाणी होतं. विहिरीला क्लोरीनचा वास नसतो. ओल्या दगडाचा, शेवाळाचा आणि कपारीत घरटी केलेल्या पारव्यांचा वास असतो. वरून वाकून हाक मारली की विहीर ती हाक जरा जाड करून परत देते.

त्याच वर्षी अण्णांनी लिंबोणीच्या बागेसाठी शेततळं केलं. काळा कागद अंथरला. कागद म्हणजे जाड प्लॅस्टिकच, पण आमच्याकडे सगळे त्याला कागदच म्हणतात. पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं बघायला आली होती. चारी बाजूंनी उतरता, गुळगुळीत, उन्हात डोळे दिपवणारा काळा काठ, आणि मध्ये आभाळ. अण्णा बांधावर कमरेवर हात ठेवून उभे होते. पाणी किती मावतं, किती दिवस पुरेल, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आत पडलेलं माणूस बाहेर कसं येणार, हे मात्र त्या दिवशी कोणी विचारलं नाही. कुंपण नव्हतं. दोर नव्हता. आम्हालाही ते तळं म्हणजे घरातली नवी, मोठी, कौतुकाची वस्तूच वाटत होती.

काकी प्रवरेच्या काठची. नेवाशाकडच्या एका गावातून लग्न होऊन आमच्या कोरड्या मुलखात आली, तेव्हा म्हणे पहिले दोन महिने तिला झोप लागत नव्हती, कारण पाण्याचा आवाज नव्हता. सावळी, उंच, चालताना हात लांब टाकणारी. घरात सगळ्यांशी मोकळी. अपवाद फक्त अण्णांचा. अण्णा तिचे थोरले दीर. ते अंगणात आले की तिचा पदर कपाळापर्यंत यायचा आणि बोलणं बंद व्हायचं. भांडण नव्हतं, राग नव्हता. रीतच होती ती. काही सांगायचं झालंच तर आमच्यापैकी एखाद्या पोरीला मध्ये घ्यायचं. अण्णा पाच पावलांवर उभे असायचे आणि काकी मला म्हणायची, "वैशे, अण्णान्ला म्हनावं, जेवायला वाढलंय." मी मान वळवून सांगायची, "अण्णा, जेवायला वाढलंय." अण्णाही माझ्याकडेच बघून म्हणायचे, "आलो म्हनावं." मला यात कधीच काही विचित्र वाटलं नाही. टपाल पोचवावं तसं मी ते पोचवत राहायची.

परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी काकीनं जाहीर केलं, की यंदा दोन्ही पोरींना पवायला शिकवायचं.

अण्णा चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "वैशे, काकीला म्हनावं, पोरींना पानी कशाला दाखवायचं? पडल्याबिडल्या म्हंजे?"

काकी चुलीपाशी पाठमोरी होती. "म्हनावं, पडल्या तर बुडू नयेत म्हनूनच. पोरं चोरून शिकत्यात. पोरींनी कधी शिकायचं? पडल्यावर?"

अण्णांच्या कपाळावरची आठी गेली नाही. मग आई मध्ये पडली. ती म्हणाली, "सकाळच्याला कुनी नसतंय तिकडं. मी बसते काठावर." त्यावर अण्णा उठले, टोपी घातली आणि शेताकडे गेले. त्यांचं ते न बोलता जाणं म्हणजे होकार, हे आई आम्हाला डोळ्यांनीच सांगून गेली.

सकाळी सातला आम्ही विहिरीवर असायचो. काकी लुगड्याचा काचा मारायची आणि पायऱ्या उतरून आधी स्वतः पाण्यात जायची. रोज. काल होतं तेवढंच पाणी आज आहे का, पायरीवर शेवाळ धरलंय का, रात्रीत काही पडलंय का, हे पायांनी चाचपून बघायची, आणि मग आम्हाला बोलवायची. आमच्या पाठीला तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन सुती पट्टीनं बांधलेला. दगडाच्या पायरीवरून पाण्यात उतरताना घोट्यापासून वर चढत जाणारी ती थंडी कमरेला आली की तोंडातून आपोआप किंकाळी निघायची. पारवे फडफडून वर जायचे. वर काठावर आई लसूण सोलत बसलेली असायची.

मला वाटलं होतं की पहिल्याच दिवशी हात मारायला शिकू. पण काकीनं आठ दिवस आम्हाला नुसतं उताणं पाडून ठेवलं. डोक्याखाली तिचा तळवा, कान पाण्यात, वर विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ.

"हातपाय काय, कुनीबी मारंल," ती म्हणायची. "आधी नुसतं पडून ऱ्हायला शिका. दमल्यावर तेच उपेगाला येतं."

कान पाण्यात असले की तिचा आवाज लांबून, पाण्यातूनच आल्यासारखा यायचा. अजूनही मला धीर द्यायला कोणी बोललं की तो आवाज तसाच ऐकू येतो, जरा लांबून, जरा ओला.

तिचे नियम होते, आणि ते मोडले तर त्या दिवशीचं पोहणं बंद. एकटीनं उतरायचं नाही. पोटभर खाऊन उतरायचं नाही. तळ ठाऊक नसेल तिथं सूर मारायचा नाही. कालव्याच्या वाहत्या पाण्यात तर पायसुद्धा घालायचा नाही, मग ते गुडघ्याएवढं का दिसेना. सोनीनं एकदा मला गंमत म्हणून पाण्यात धरून खाली दाबलं, तर काकीनं पोटच्या पोरीला दोन दिवस काठावर बसवून ठेवलं. सोनी रडली, आई मध्ये पडली, पण काकी हलली नाही.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या पाठीवरचा कॅन सुटला आणि मी एका कपारीपासून दुसऱ्या कपारीपर्यंत पोहत गेले. त्या दिवशी मी इतकी फुगले होते की दुपारी जेवताना म्हणाले, "आता कुनी बुडत आसलं तर मी उडी मारून काढंन."

काकी भाकरी थापत होती, ती थांबली.

"न्हाई," ती म्हणाली. "उडी मारायची न्हाई."

मग तिनं आम्हाला तिच्या चुलत भावाची गोष्ट सांगितली. नदीकाठच्या त्या गावात त्याच्यासारखं पोहणारं कोणी नव्हतं. वीस वर्षांचा होता. मित्र बुडताना दिसला म्हणून त्यानं धावत जाऊन उडी मारली. मित्रानं त्याच्या गळ्याला मिठी घातली, दोन्ही हातांनी, घट्ट. काठावर माणसं होती, धोतरं होती, बैलांचे कासरे होते. पण सगळे बघत राहिले, कारण सगळ्यांना वाटलं, हा एवढा पोहणारा आहे, आता काढेल.

"बुडत्या मानसाला कळत न्हाई तो काय धरतोय ते," काकी म्हणाली. "त्याला वस्तू द्यायची. आपला हात न्हाई, आपला गळा न्हाई. दोर, बांबू, कॅन, हाताला लागंल ते. आन वरडायचं, मानसं गोळा करायची." एवढं बोलून ती पुन्हा भाकरी थापायला लागली, आणि ती भाकरी नेहमीपेक्षा जरा जास्तच थापली गेली, कडेला फाटली.

मे महिन्यातली ती दुपार. काका कांदा घेऊन नगरच्या बाजारात गेले होते. आई घरी होती. काकी, सोनी आणि मी लिंबं वेचायला बागेत निघालो होतो; काकीच्या हातात प्यायच्या पाण्याचा कॅन. लिंबोणीत उन्हाचा वास असतो, पानं चुरगळल्यासारखा. सगळं इतकं स्तब्ध होतं की मोटारीचा आवाज बंद आहे हे जाणवत होतं. पाइपाच्या तोंडाची जाळी तुंबली की मोटार पाणी ओढत नसे, आणि अण्णा ती साफ करायला तळ्याकडे गेले होते, हे आम्हाला माहीत होतं.

आधी आवाज आला. ओल्या प्लॅस्टिकवर तळहात आपटल्याचा. थप्. मग थप्, थप्. मग हाक म्हणता येणार नाही असा काहीतरी घशातला आवाज.

काकी पळाली. आम्ही तिच्या मागे बांधावर चढलो. अण्णा पाण्यात होते. काठ त्यांच्यापासून दोन हातांवर होता, आणि तो काठ त्यांना वर येऊ देत नव्हता. ते पंजे रोवून कागदाला भिडायचे, अर्धं अंग वर यायचं, आणि मग ते शेवाळावरून सरकत परत खाली जायचे. दर वेळी आधीपेक्षा जरा जास्त खाली. टोपी पाण्यावर तरंगत होती. बेचाळीस वर्षांचा, पोतं एका हातानं उचलणारा माझा बाप, आणि त्याला हातात धरायला काही नव्हतं.

मी उडी मारायला निघाले होते. खरंच निघाले होते. एक पाय बांधावरून सुटला होता. काकीनं माझी वेणी धरून मला मागे खेचलं, इतक्या जोरात की मी पाठीवर पडले.

"उडी मारायची न्हाई! सोने, रस्त्याला पळ, तात्याला बलाव! वरडत जा!"

सोनी शेजारच्या वस्तीकडे ओरडत धावली. काकीनं चहूकडे बघितलं. दोर नव्हता. बांबू नव्हता. बांधावर मोटार बसवलेला लोखंडी अँगल तेवढा होता. तिनं कॅनमधलं पाणी ओतून दिलं, झाकण घट्ट लावलं, आणि एका क्षणात अंगावरचं लुगडं सोडलं. एक टोक अँगलला, दुसरं टोक कॅनच्या कडीला. बाळाला लंगोट बांधावा इतक्या सवयीनं तिनं त्या दोन गाठी मारल्या आणि कॅन अण्णांच्या पुढ्यात फेकला.

"भाऊजी! कॅन धरा! छातीशी धरा!"

काकीच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्या बारा वर्षांत तिनं त्यांना मारलेली ती पहिली हाक.

अण्णांनी कॅन धरला, पण ते पाय झाडत राहिले, घाबरून, पाणी उडवत.

"हात मारू नका! मान मागं टाका. मागं. आभाळाकडं बघा. मी हाय हितं. श्वास घ्या. आनखी एक घ्या."

आणि अण्णांनी ऐकलं. मला आठवतं, त्यांचा चेहरा पाण्यावर आला, डोळे वर, तोंड उघडं, लहान मुलासारखा. चार-पाच श्वास तसेच गेले. मग काकी म्हणाली, "आता लुगडं धरून सावकाश या. पाय कागदाला लावा. घाई न्हाई." ती बांधाच्या मागच्या बाजूला टाचा रोवून बसली होती आणि लुगडं ओढत होती, मी तिच्या कमरेला मिठी मारून मागे रेटत होते. एक हात, मग दुसरा हात. अण्णा बांधावर आले, आडवे पडले आणि पाणी ओकायला लागले.

काकीनं त्यांना कुशीवर वळवलं, पाठ चोळली. आणि मग, त्यांचा श्वास नीट चालू लागल्यावर, तिला आपण कशा आहोत ते जाणवलं. परकर आणि पोलकं. ती दोन पावलं मागे सरकली. अण्णांनी डोळे उघडले होते. त्यांनी मान वळवली, मग हातांवर जोर देऊन अख्खं अंग वळवलं, आणि आमच्याकडे पाठ करून, तळ्याकडे तोंड करून बसले. अजून खोकत होते, खांदे हलत होते, पण वळले नाहीत. काकीनं अँगलची गाठ सोडली, ओलं लुगडं तसंच अंगाला गुंडाळलं, पदर कपाळापर्यंत ओढला.

"वैशे," ती म्हणाली, "अण्णान्ला म्हनावं, घरी जाऊन झोपायचं न्हाई. दवाखान्यात जायचं."

"बरा हाय म्हनावं मी," अण्णा तळ्याला म्हणाले.

"म्हनावं, आत पानी गेलेलं आसतंय. आता बरं वाटतं आन राच्च्याला दम लागतो. जायाचंच."

शेजारच्या वस्तीवरचे तात्या मोटारसायकल घेऊन आले, तोवर अण्णा बांधावर बसलेले होते आणि आईही घरून धावत आली होती. अण्णांना मध्ये, मागे आधाराला आईला बसवून, ते मिरजगावला घेऊन गेले. काकीनं आईला बजावून सांगितलं होतं की डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही, नाकातोंडात पाणी गेलंय हे सांगायचं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, छाती तपासली आणि मग सोडलं.

तात्यांना आणि गावाला मात्र एवढंच कळलं, की पाय घसरला, ओले झाले, आले वर. मला त्याचा संताप यायचा. माझ्या काकीनं माझा बाप पाण्यातून काढला, आणि हे कोणाला सांगायचं नाही? मी काकीजवळ कुरकुर केली, तर तिनं माझ्या केसांतला गुंता सोडवता सोडवता म्हटलं, "आसू दे गं. लोक पानी इसरत्याल आन लुगडंच धरून बसत्याल." बारा वर्षांच्या मला ते अर्धंच कळलं. अण्णांनीही म्हणूनच तोंड मिटलं होतं, हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागली.

आठ-दहा दिवस गेले असतील. एका सकाळी आम्ही विहिरीत होतो, आणि वर पायरीवर अण्णा उभे दिसले. पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी, वर बंडी, आणि चेहरा शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा. आईच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"वैशे," ते माझ्याकडे बघत, पण सगळ्या विहिरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "काकीला इचार, चाळिशी उलटलेल्या मानसाला येतं का पवाया?"

काकी लगबगीनं पायऱ्यांवर चढली, पदर घेतला, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "म्हनावं, येतं. पन कॅन दोन लागत्याल."

आधी आई हसली. मग सोनी. मग विहिरीनं ते हसू जाड करून परत दिलं, आणि अण्णाही हसले.

तो उरलेला मे महिना मी आठवते तेव्हा मला सगळ्यात जास्त माझाच आवाज ऐकू येतो, कारण सगळं शिक्षण माझ्या तोंडून चाललं होतं. काकी काठावर, पाठमोरी नाही पण तिरकी बसलेली. मी पाण्यात, अण्णांच्या डोक्याखाली माझे दोन्ही तळवे. सोनी पायांशी.

"म्हनावं, मान सोडा. पानी काय सासू न्हाई, एवढं ताठ ऱ्हायला."

"अण्णा, मान सोडा. पानी काय सासू न्हाई."

"सोडलीय म्हनावं."

"म्हनावं, दिसतंय मला."

त्यांचं डोकं माझ्या हातांत किती जड होतं! कानांजवळचे पांढरे केस पाण्यात हलायचे. ज्या माणसाला मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, त्याच्या मानेची शीर माझ्या बोटांखाली उडत होती. पहिले चार दिवस मी हात काढायला गेले की ते माझं मनगट पकडायचे, आणि मग लाजून सोडायचे. पाचव्या की सहाव्या दिवशी मी हात काढले आणि त्यांना कळलंच नाही. ते पडून राहिले, डोळे मिटून. वर पारवे घुमत होते. काकीनं तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं. किती वेळ तसा गेला सांगता येत नाही. आपला बाप पाण्यावर शांत पडला आहे, हे बघण्याइतकं सुख फार थोड्या पोरींना मिळालं असेल.

शाळा सुरू व्हायच्या आत अण्णा एका कॅनवर आले, आणि मग बिनकॅनचे विहिरीच्या या टोकापासून त्या टोकाला गेले. वर येऊन त्यांनी अंग पुसलं आणि थेट शेततळ्याकडे गेले. त्या आठवड्यात तळ्याला चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पडले, दोरांच्या टोकांना हवा भरलेल्या ट्यूब, एका बाजूला शिडी, भोवती तारेचं कुंपण. कोणी विचारलं तर अण्णा सांगायचे, "कुत्रं-मांजर पडतं हो पान्यात. मुक्या जनावराला वर याया काय तरी पायजे." अठरा वर्षं ते दोर त्या मुक्या जनावरांच्या नावावर राहिले.

दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ती छोटी बातमी येते. शेततळ्यात बुडून मृत्यू. कधी दोन भाऊ, कधी मायलेक. बातमी चार ओळींची असते, आणि मला त्या चार ओळींत तो थप् थप् आवाज ऐकू येतो. मग मी अण्णांना फोन करते. ते म्हणतात, "वाचली मी बी."

यंदा एक मेच्या सुट्टीला ओवीला घेऊन मी माहेरी गेले होते. त्या दिवशी गावात ग्रामसभा होती. शाळेच्या ओसरीवर पुढे पुरुष, भिंतीकडे बायका. आई, काकी, मी आणि मांडीवर ओवी. ग्रामसेवकांनी शेततळ्यांबद्दलचं एक पत्र वाचून दाखवलं. कुंपण करा, दोर सोडा, लहान मुलांना एकटं जाऊ देऊ नका. तात्या उभे राहिले. त्यांनी गेल्या वर्षीच तळं केलंय.

"दोर कशाला?" ते म्हणाले. "आमच्या घरात समद्यांना पवाया येतं. उगं कागद खराब करायचा."

काही माणसं हसली. अण्णा मधल्या रांगेत बसले होते. साठीचे आहेत आता, गुडघे धरून उठतात. तसे ते उठले.

"तात्या, पवाया येनारं मानूस बी त्या कागदावरनं वर येत न्हाई," ते म्हणाले. "तुझ्या गाडीवर मला दवाखान्यात नेलंतं, आठवतं? घसरून ओला झालो म्हनून सांगितलंतं तुला. खोटं हुतं ते. मी बुडत हुतो. धा मिंटं गेली असती तर मी आज हितं न्हवतो."

अण्णांनी बायकांच्या बाजूला हात केला, पण बघितलं नाही. "माझ्या भावजयीनं काढलं मला. सुमननं. आन पवाया बी तिनंच शिकवलं. तिनं दोर टाकला म्हनून—"

"दोर न्हवता, भाऊजी."

काकी उभी होती. पदर डोक्यावर होता, पण चेहरा उघडा होता, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मधे कोणी नव्हतं.

"दोर न्हवता. लुगडं हुतं. अंगावरचं सोडून टाकलं मी. दोर आसता तर लुगडं कशाला लागलं आसतं? खरं हाय ते सांगा, त्याबिगर कळायचं न्हाई कुनाला."

कोणी हसलं नाही. आईनं माझा हात धरला होता आणि तो दाबत होती. अण्णांनी मान वळवून सरळ काकीकडे बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "लुगडंच हुतं."

मग ते गुडघे धरून खाली बसले. तात्यांनी विचारलं, जरा हळूच, "कसला दोर आनायचा म्हंता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तात्यांच्या तळ्यावर होतो. तात्यांनी मिरजगावहून नायलॉनचा दोर आणला होता, हिरवा, बोटाएवढा जाड. ओवीला बांधापासून लांब, माझ्या आईजवळ बसवलं होतं. अण्णा आणि काकी बांधावर समोरासमोर बसून दोराला गाठी मारत होते.

"भाऊजी, गाठी लई लांब पडायल्या."

"लांब कुठं? हातभर तर हायेत."

"तुमच्या हातानं हातभर. बारक्या पोराचा हात तिथवर पुरंल का?"

"आगं, पन लई जवळ मारल्या तर दोर कमी पडंल की."

"पडू द्या. आनखी आना."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी बोलले नाही. मग त्यांनी पुटपुटत, मान हलवत, मारलेल्या सगळ्या गाठी सोडल्या आणि पहिल्यापासून मारायला बसले.